निकालात नसलेली शिक्षा

गडचिरोली जिल्ह्यात अटक झालेला माणूस खटला उभा राहीपर्यंत गडचिरोली जिल्ह्यात राहत नसे. मी काम सुरू केलं तेव्हाची ही रीत. गडचिरोलीचं कारागृह खुलं, म्हणजे शिक्षा लागलेल्या आणि वर्तणूक चांगली असलेल्या बंद्यांसाठीचं. ज्यांच्यावर आरोप आहे पण निकाल लागलेला नाही, त्या कच्च्या कैद्यांची रवानगी चंद्रपूरला, नाहीतर नागपूरला. भामरागडहून चंद्रपूर दीडशे किलोमीटरहून जास्त आणि नागपूर त्याच्या पुढे आणखी दीडशे. कित्येक पावसाळ्यांत पर्लकोटा नदीचं पाणी पुलावरून जातं आणि भामरागडची एसटी आलापल्लीतूनच परत फिरते. अशा वेळी पलीकडच्या गावातल्या आईबापांना आपला मुलगा कुठल्या शहरात, कुठल्या भिंतीआड आहे हेही कळत नाही.

मी चंद्रपुरात वकिली करते. बरीच वर्षं विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर होते. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार कोठडीतल्या कोणत्याही व्यक्तीला उत्पन्नाचा दाखला न मागता मोफत वकील मिळतो. अनुसूचित जमातीच्या माणसालाही मिळतो. आमच्याकडचा आदिवासी बंदी दोन्ही बाजूंनी त्यात बसतो, त्यामुळे कारागृहातल्या विधी साहाय्य केंद्रात माझं येणंजाणं सुरू झालं. वडील वनरक्षक होते. त्यांची बदली आलापल्लीच्या बाजूला असताना मी शाळेत होते आणि शेजारच्या मुलांबरोबर खेळता खेळता माडिया शिकले. ती तोडकीमोडकीच आहे. पण वडिलांनी ज्यांच्यावर सागाच्या चोरीचे पीओआर, म्हणजे वनगुन्ह्याचे प्राथमिक अहवाल, फाडले, त्यांच्यासारख्यांचीच वकीलपत्रं पुढे माझ्याकडे आली, ती या तोडक्यामोडक्या भाषेमुळे.

बंद्यांच्या हक्कांची गोष्ट आमच्या भागाला परकी नाही. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी उठाव करणारे वीर बाबूराव शेडमाके यांना इंग्रजांनी चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, कारागृहासमोरच्या पिंपळावर फाशी दिलं. दर वर्षी त्या तारखेला लोक तिथे जमतात. वकिली शिकणारा देशातला प्रत्येक विद्यार्थी जे ‘मथुरा प्रकरण’ वाचतो, तेही आमच्याकडचंच. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मजूर मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा तो खटला. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. गडचिरोली जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरलं आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडलं. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती असावी, असा तर्क त्या निकालात होता. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातून देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराला वेगळी, कडक शिक्षा आली आणि अशा खटल्यात बाईने संमती दिली नव्हती असं सांगितलं तर न्यायालयाने ते गृहीत धरायचं, असं ठरलं. आमच्या जिल्ह्यातल्या एका ठाण्यातल्या एका रात्रीने देशाचा फौजदारी कायदा हलवला. तरीही त्या ठाण्यापासून दोन नद्या ओलांडून राहणाऱ्या माणसाला आपल्याला काय हक्क आहेत याचा पत्ता नसतो.

मंडेला नियमांची ओळख मला नागपूरच्या एका प्रशिक्षणात झाली. कैद्यांना कसं वागवावं याचे किमान नियम संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने १९५५ मध्ये जिनिव्हात मंजूर केले होते. १७ डिसेंबर २०१५ रोजी आमसभेने ते सुधारून घेतले आणि सत्तावीस वर्षं तुरुंगात काढलेल्या नेल्सन मंडेला यांचं नाव त्यांना दिलं. एकूण १२२ नियम. वहीत मी त्यांतले निवडक मराठीत उतरवून घेतले. तिसऱ्या नियमाखाली मी रेघ मारून ठेवली आहे. त्याचा आशय असा, की माणसाला जगापासून तोडणं हाच मुळात त्रास आहे. तुरुंग व्यवस्थेने त्यात स्वतःची भर घालू नये. एकोणसाठावा नियम सांगतो, की बंद्याला शक्यतो त्याच्या घराजवळच्या तुरुंगात ठेवावं. अडुसष्टावा सांगतो, की आपल्याला कुठे ठेवलं आहे हे घरी लगेच कळवण्याचा हक्क प्रत्येक बंद्याला आहे. पंचावन्नावा सांगतो, की तुरुंगाचे नियम आणि हक्क बंद्याला समजतील अशा भाषेत सांगावेत, वाचता येत नसेल तर तोंडी.

हे नियम म्हणजे करार नव्हे, त्यामुळे सरकारला ते थेट बांधत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण १९६६ च्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या कराराचं तसं नाही. भारत १० एप्रिल १९७९ रोजी त्यात सामील झाला. त्याचं दहावं कलम कैदेतल्या प्रत्येकाला माणुसकीची वागणूक देतं आणि चौदावं कलम आरोपीला त्याच्या भाषेत आरोप सांगण्याची व भाषा कळत नसेल तर मोफत दुभाषी देण्याची हमी देतं. २०१६ मध्ये देशातल्या १,३८२ कारागृहांच्या अवस्थेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने मंडेला नियमांचा आधार घेतला. तेव्हापासून मीही माझ्या अर्जांत त्यांचा उल्लेख करते. खालच्या न्यायालयात पहिल्यांदा तो वाचून दाखवला तेव्हा समोरचे सरकारी वकील हसले होते. “म्याडम, जिनिव्हाहून आल्या काय?” असं म्हणाले. पण न्यायाधीशांनी अर्जाची दुसरी प्रत मागून घेतली.

कारागृहातल्या केंद्रात एकदा भामरागडच्या पलीकडचा एक पोरगा माझ्यासमोर आणून बसवला. वीस-बावीस वर्षांचा असेल. गंभीर कलमं होती. आणखी चौघांबरोबर पकडलेला. कागदपत्रांत त्याचं मराठीतलं निवेदन होतं आणि खाली अंगठा. मी मराठीत विचारलं, “जेवण मिळते ना?” तो म्हणाला, “हो.” “तब्येत बरी आहे?” “हो.” “मारहाण झाली का?” “हो.” “काही तक्रार आहे?” “नाही.” मारहाण झाली आणि तक्रार नाही, हे कसं? मग मी माडियात बोलायला लागले. तो दचकला, मागे दारातल्या शिपायाकडे पाहिलं आणि सलग बोलतच सुटला. त्याला मराठीची तेवढी दोनच उत्तरं येत होती आणि कुठलं कधी द्यायचं याचा अंदाज तो समोरच्याच्या चेहऱ्यावरून बांधत होता. मारहाणीला ‘हो’ म्हटलं तेही असंच. तसं काही झालं नव्हतं. मात्र त्याच्या उजव्या कानातून पू येत होता आणि त्या बाजूने ऐकू येणं जवळपास बंद झालं होतं.

दर चौदा दिवसांनी त्याला पडद्यासमोर उभं करत. कारागृहात कॅमेरा, न्यायालयात पडदा. नाव पुकारलं जाई, “काही सांगायचं आहे का?” असं विचारलं जाई, तो “नाही” म्हणे आणि पुढची तारीख पडे. न्यायाधीशांच्या नोंदीप्रमाणे आरोपीची तक्रार नव्हती. त्या नोंदीत खोटं काहीच नाही. पोलीस बंदोबस्त मिळत नाही, रस्ता धोक्याचा, अंतर लांब, म्हणून व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची सोय आली आणि काही बाबतींत तिने कामं हलकी केली हे खरंच आहे. पण दुखणारा कान पडद्यावर दिसत नाही. माणूस न्यायाधीशांसमोर प्रत्यक्ष उभा असता तर गळ्यापर्यंत आलेला तो ओघळ कोणालाही दिसला असता. मी वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटले. बाहेरच्या माणसाला मिळतो तोच दर्जा तुरुंगातल्या उपचाराचा हवा, असं चोविसावा नियम म्हणतो. त्याचा उल्लेख करायची वेळही आली नाही. डॉक्टरांनी कान पाहिला आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी दिली. कानात काय झालंय हे त्यांना तोवर कोणी सांगितलंच नव्हतं.

मग त्याचं घर शोधायचं काम. गावात मोबाईलला रेंज नाही. आठवडी बाजाराच्या गावातल्या आश्रमशाळेचे एक शिक्षक ओळखीचे होते. त्यांनी बाजारात येणाऱ्या माणसांबरोबर निरोप धाडला. धान निघेपर्यंत कोणी आलं नाही. दिवाळीनंतर त्याची आई आणि चुलता आले. घरून चालत, नदीवर डोंग्यातून, मग एसटीने आलापल्ली, तिथे मुक्काम, दुसऱ्या दिवशी आष्टी, गोंडपिपरी करत चंद्रपूर. मुलगा जिवंत नाही असं गावाने धरून चाललं होतं. आईने पदराच्या गाठीत चारोळी बांधून आणली होती. ती आत नेता येत नाही हे तिला समजावून सांगणं मला जड गेलं.

मुलाखतीसाठी ओळखपत्र लागतं. आधार कार्डावर आईचं नाव एक, मुलाच्या कागदांत आईचं नाव दुसरंच. शिबिरात आधार काढताना ऐकणाऱ्याने जसं ऐकलं तसं लिहिलं होतं. खिडकीवरच्या माणसाने नियमाप्रमाणे नकार दिला. वरच्या अधिकाऱ्यांकडे गेले. ते कोकणातले होते, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी पोराला आणि आईला समोरासमोर उभं केलं, दोघांकडे एकदा पाहिलं आणि सही केली. काचेच्या दोन बाजूंना दोघं बसली, फोन उचलले आणि माडियात बोलू लागली. लगेच शिपाई म्हणाला, “मराठीत बोला, नाहीतर हिंदीत.” बंद्याच्या बोलण्यावर लक्ष ठेवायचं तर ते कळायला हवं, ही त्याची अडचण. मी म्हटलं, “बाबा, तुमच्या फायद्यासाठी दोघांना मराठी शिकवायची तर मुलाखतीचा वेळ पुरणार नाही.” तो हसला. मी शेजारी बसून वाक्या-वाक्याचं मराठी करत राहिले. आईने सांगितलं ते एवढंच : बैलाची जोडी विकली, धाकटीचं लग्न लांबवलं आणि तुझा बाप चैत्रात गेला.

हा मुलगा पुढे निर्दोष सुटला. पण त्याला बाप गेल्याचं काही महिन्यांनी कळलं, ही शिक्षा कुठल्या कलमाखाली होती? ती कोणत्याही न्यायालयाने सुनावली नव्हती आणि निकालाने ती मागे घेता आली नाही. आमच्या भागातल्या बंद्याची कैफियत मला कोणी थोडक्यात विचारली तर मी हेच सांगते, की त्याला खरी शिक्षा अंतराची होते. घर ते कारागृह, त्याची बोली ते न्यायालयाची भाषा, जामिनाचा हुकूम ते प्रत्यक्ष सुटका, या मधल्या जागेत तो अडकतो.

दुभाषाचा प्रश्न मला खटल्यात आणखी टोकदार झालेला दिसला. साक्ष आरोपीला कळत नसेल तर ती भर न्यायालयात त्याला समजेल अशा भाषेत सांगावी, हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २७९ व्या कलमात होतं आणि नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. म्हणजे जिनिव्हापर्यंत जायची गरजच नाही. नियम आपल्याच पुस्तकात आहे. प्रश्न उरतो माणसाचा. एका खटल्यात माडिया जाणणारा दुभाषी म्हणून पोलीस दलातलाच एक शिपाई उभा केला गेला. पोरगा सज्जन होता, भाषा तर माझ्याहून शंभरपट चांगली. पण ज्या दलाने अटक केली त्याच दलाचा माणूस आरोपीचं म्हणणं न्यायालयाला सांगणार, हे कसं चालावं? मी हरकत घेतली. न्यायाधीशांनी ती मान्य केली, मात्र दुसरा माणूस आणायचा कुठून, असं मलाच विचारलं. शेवटी एका आश्रमशाळेतल्या शिक्षकांना समन्स काढून बोलावलं. शाळेला सुट्टी, जाण्यायेण्याचं भाडं, भत्ता कोणत्या हेडखाली द्यायचा, यात दोन तारखा गेल्या. ते आल्यावर मात्र पंचनाम्यातल्या पंचाची उलटतपासणी अशी झाली, की पंचालाही मराठी कळत नव्हतं आणि त्याने कशावर अंगठा दिला हे त्याला ठाऊक नव्हतं, हे सगळ्यांसमोर आलं.

जामिनाची कथा वेगळीच. जामीन मंजूर झाला की बाहेरच्या माणसाला वाटतं, सुटला. आमच्याकडे खरी वाट तिथून सुरू होते. पंधरा हजारांचा जामीन आणि तेवढ्याच ऐपतीचा जामीनदार. जामीनदार म्हणजे सातबारा हवा, ऐपतीचा दाखला हवा. आदिवासी कुटुंबाकडे जमीन असते, पण ती बरेचदा वनहक्काच्या पट्ट्याची. २००६ च्या वनहक्क कायद्याने दिलेली ही जमीन वारसाने मुलाकडे जाते. विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. म्हणून तिची ऐपत धरली जात नाही. ज्या तरतुदीने जमीन सावकाराच्या घशातून वाचवली, तीच जामिनाच्या टेबलावर आडवी येते. मग जिल्ह्याबाहेरचा कोणी नातलग तयार झाला तर “स्थानिक जामीनदार आणा” म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मोतीराम या गवंड्याच्या खटल्यात नेमकं हेच चुकीचं ठरवलं होतं. गरिबाकडे दहा हजारांचा जामीन मागणं आणि दुसऱ्या जिल्ह्यातला जामीनदार नाकारणं, दोन्ही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा तो निकाल मी इतक्यांदा जोडला आहे, की माझ्या झेरॉक्सवाल्याला तो पानांच्या संख्येने ओळखता येतो.

३१ जानेवारी २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने या कामाला हात दिला. जामिनाचा हुकूम कारागृहाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने पाठवायचा, सात दिवसांत माणूस सुटला नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालयाने अट सैल करण्याचा विचार करायचा. त्याच वर्षी केंद्राने गरीब बंद्यांसाठी योजना आणली. त्यात तेव्हा पात्र कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत मदतीची तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या ४७९ व्या कलमानुसार पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला तर त्याला सोडायचं आहे. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे त्यातून वगळले आहेत. अर्ज करण्याची जबाबदारीही अधीक्षकांवर टाकली आहे. या तिन्ही गोष्टी लागू करून माणसं जातमुचलक्यावर घरी गेलेली मी पाहिली आहेत. देशातल्या तुरुंगांत चारातले तीन जण कच्चे कैदी असताना अशा तरतुदींचं मोल फार मोठं आहे.

सुटकेचा क्षणही सिनेमातल्यासारखा नसतो. कागदपत्रं जुळेपर्यंत संध्याकाळ होते. माणूस दाराबाहेर येतो तेव्हा त्याच्या गावाकडची शेवटची गाडी गेलेली असते. खिशात पैसे नाहीत, अंगावर अटकेच्या दिवशीचेच कपडे. सुटणाऱ्याकडे घरी पोहोचण्यापुरतं साधन असावं, असं १०८ वा नियम सांगतो. आम्ही काही वकिलांनी मिळून तिकिटासाठी थोडी रक्कम बाजूला काढून ठेवायला सुरुवात केली. एका चहावाल्या काकांनी रात्र काढायला बाकडं दिलं, ते आजही देतात.

चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून २०२१ पर्यंत दारूबंदी होती. त्या काळात मोहाची दारू गाळणाऱ्या बाया कोठडीत येऊ लागल्या. एक विधवा बाई दीड वर्षाचं लेकरू कडेवर घेऊन आत आली. आईबरोबर मूल सहा वर्षांचं होईपर्यंत राहू शकतं, त्याला वेगळं दूध आणि आहार मिळायला हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ठरवून दिलं आहे. दूध मिळत होतं. बाईचा जीव अडकला होता तो घरी राहिलेल्या दोघांत. “माय, पोट्टे कोनापाशी हायेत?” विचारलं तर म्हणाली, “कोनापाशीच नाही जी.” मोठी पोरगी बारा वर्षांची. तिने शाळा सोडून धाकट्याला सांभाळायला घेतलं होतं. २०१० च्या बँकॉक नियमांत महिला बंद्यांसाठी सत्तर नियम आहेत आणि त्यांतला दुसराच नियम सांगतो, की मुलांची जबाबदारी असलेल्या बाईला आत घेण्यापूर्वी त्यांची व्यवस्था लावायची मुभा द्यावी. मी तो अर्जात घातला. बाई जातमुचलक्यावर सुटली. पोरगी मात्र शाळेत परत गेली नाही.

“यांना कसले हक्क?” हा प्रश्न मला नात्यात, शेजारात, बसमध्येही ऐकावा लागतो. तो विचारणाऱ्यांना मी उडवून लावत नाही. १ मे २०१९ ला कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ माओवाद्यांनी पेरलेल्या सुरुंगाच्या स्फोटात पंधरा पोलीस आणि त्यांचा चालक मारले गेले. त्याआधी ऑक्टोबर २००९ मध्ये लाहेरीजवळ सतरा पोलीस गेले. पोलिसांचे खबरे म्हणून गावातले किती आदिवासी मारले गेले, त्यांच्या घरी मी बसले आहे. माझ्याच वर्गातल्या एका मैत्रिणीचा भाऊ पोलिसात होता. तो परत आला नाही. ती मला एकदा म्हणाली, “तू कोणाच्या बाजूची?” मी तिला सांगितलं ते असं : ज्याने सुरुंग पेरला तो सापडावा आणि त्याच्यावरचा आरोप सिद्ध व्हावा ही तुझी गरज आहे, तशी माझीही. पण अंगठा कशावर दिला हे न कळणाऱ्याला आत ठेवून तो सापडत नाही. भाषा न कळता घेतलेला जबाब पुढे न्यायालयात टिकत नाही आणि खटला पडला की तुझ्या भावाला न्याय कुठून मिळणार? दुभाषी आरोपीइतकाच तुझ्याही कामाचा आहे. तिला ते पटलं असं नाही. पण त्यानंतर तिने माझ्याशी बोलणं तोडलं नाही.

आमच्याच भागातल्या न्यायालयातला एक खटला जगभर गेला. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक जी. एन. साईबाबा आणि इतर पाच जणांना गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने ७ मार्च २०१७ रोजी माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपाखाली दोषी ठरवलं. साईबाबा चाकांच्या खुर्चीवर होते, नव्वद टक्के अपंगत्व. नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात त्यांना ठेवलं होतं आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क तज्ज्ञांनी २०१८ मध्ये प्रकृतीच्या कारणावरून त्यांच्या सुटकेची मागणी केली. नागपूर खंडपीठाने १४ ऑक्टोबर २०२२ रोजी सगळ्यांना मुक्त केलं. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि पुढे फेरसुनावणी सांगितली. ५ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाने सगळ्यांना पुन्हा निर्दोष ठरवलं. सुटल्यावर सात महिन्यांत, १२ ऑक्टोबर २०२४ ला साईबाबा हैदराबादमध्ये गेले.

त्यांच्याबद्दल खूप लिहिलं गेलं आणि ते योग्यच होतं. त्याच खटल्यातला एटापल्ली तालुक्यातला तरुण आदिवासी शेतकरी पांडू नरोटे याच्याबद्दल त्या मानाने फार थोडं लिहिलं गेलं. कैदेत असताना तो आजारी पडला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये नागपूरच्या शासकीय रुग्णालयात मरण पावला. पहिला मुक्ततेचा निकाल त्यानंतर दोन महिन्यांच्या आत लागला. त्यात त्याचंही नाव होतं.

भारताने संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही केली, पण त्याला मान्यता अजून दिलेली नाही. ती दिली जावी असं मला वाटतं. कारागृहांतल्या कामांची जातीवरून होणारी वाटणी आणि नोंदवह्यांतला जातीचा रकाना ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालाने रद्द झाला, तो पत्रकार सुकन्या शांता यांनी केलेल्या याचिकेमुळे. मोठे निकाल असे येत राहतील. पण चंद्रपूर-गडचिरोलीत अंतर कमी करायला त्यांची वाट पाहायची गरज नाही. जिल्हा न्यायालयात माडिया, गोंडी, कोलामी, तेलुगू आणि छत्तीसगढी जाणणाऱ्या, पोलीस दलाबाहेरच्या दुभाषांची यादी हवी आणि त्यांचा भत्ता ठरलेला हवा. वनहक्काचा पट्टा असलेल्या माणसाला जातमुचलक्यावर सोडण्याची पद्धत पडायला हवी. साक्षी-पुरावा नोंदवला जाईल त्या दिवशी तरी आरोपी न्यायालयात प्रत्यक्ष हवा. आणि कच्च्या कैद्याला त्याच्याच जिल्ह्यात ठेवता येईल एवढी सोय हवी.

भामरागड, एटापल्ली, अहेरीची मुलं-मुली आता पदवीधर होत आहेत, काही कायदा शिकत आहेत. त्यांनी विधी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवावं. वकिलीची सनद लागत नाही, गावाची भाषा लागते. आणि हा मजकूर वाचणाऱ्या कोणाच्या गावातला, ओळखीचा माणूस कुठल्या कारागृहात आहे हे घरच्यांना कळत नसेल, तर १५१०० या क्रमांकावर फोन करा. विधी सेवा प्राधिकरणाची ती मोफत सेवा आहे. माणसाचं नाव, गाव आणि अटकेची तारीख एवढं सांगितलं की शोध सुरू करता येतो.